शेपटीतला ळ

प्रांजळ नेहेते काय काम करते हे कळलं की लोक आधी हसत आणि मग जरा सावरून बसत. ती लोकांच्या मनातला आवाज तपासायची. अंतरात्म्याचा वगैरे नव्हे. तो तपासणारी माणसं पुण्यात वेगळी होती आणि त्यांना कार्यालय लागत नसे. आपण पेपर वाचतो, मेसेज वाचतो, औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचतो, तेव्हा ओठ मिटलेले असतात आणि तरी आत कुणीतरी वाचत असतं. तो आवाज. त्यात एखादं अक्षर चुकत असेल तर ते पुसायचं आणि त्या जागी शुद्ध अक्षर बसवायचं, असं ते काम. बालवाचन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर तिच्या टेबलावर पाटीच होती: प्रांजळ नेहेते, स्वरतपासनीस.

या सगळ्याचं मूळ होतं निजपट्टीत. बालवाडीतली मुलं दुपारी खिचडी खाऊन सतरंजीवर झोपतात, हे पूर्वापार चालत आलेलं. त्या गाढ झोपेत मेंदूतल्या लहरी संथ होतात आणि मेंदू सकाळचा पसारा आवरायला घेतो. काय ठेवायचं, काय टाकायचं, याची निवडानिवड करतो. नेमक्या त्या वेळी सकाळचा एखादा आवाज कानाशी हळूच वाजवला, तर मेंदू समजतो की हे महत्त्वाचं दिसतंय, आणि ते कायमचं ठेवून देतो. कपाळाला बांधायची एक मऊ कापडी पट्टी लहरी मोजायची आणि योग्य ठोक्याला ‘क’ म्हणायची, ‘म’ म्हणायची. एवढंच ते यंत्र.

अट मात्र होती. झोपलेला मेंदू नवं काही शिकत नाही, फक्त उजळणी करतो. म्हणून सकाळी ते अक्षर खेळून झालेलं असायला हवं. आणि आवाजही ज्या माणसाबरोबर मूल हसलं त्याचाच हवा; परक्या आवाजाला चौपट दिवस लागत. म्हणून बाईंच्या पदराला एक बटणाएवढा माइक लावलेला असे. बाई दिवसभरात कितीही जपून, कितीही शुद्ध बोलोत, यंत्र त्यातले फक्त मुलं खदखदून हसली तेवढे क्षण उचलायचं. दीड महिन्यात अख्खी मुळाक्षरं! सगळ्या राज्याने टाळ्या वाजवल्या. एक बारकासा प्रश्न तेवढा कुणी विचारला नाही, की मूल वाचायला लागल्यावर तो आवाज जातो कुठं?

तो कुठंच गेला नाही. ती पिढी मोठी झाली, नोकरीला लागली, आणि जन्मभर आपापल्या बालवाडीच्या बाईंच्या आवाजात वाचत राहिली. एका न्यायाधीशांना म्हणे निकालपत्र वाचताना मधेच ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ऐकू यायचं. खरं की कुणी रचलेलं, कोण जाणे.

प्रांजळच्या मनात मात्र कुठल्याच बाई नव्हत्या. जळगावच्या ज्या मोठ्या शाळेत ती शिकली, त्या शाळेने तयार आवाज विकत आणला होता. सुस्पष्ट, शुद्ध, आणि कुणाचाच नसलेला. चौपट दिवस लागले, पण ळ अगदी ळसारखा बसला. त्या आवाजात प्रांजळने परीक्षेचे पेपर वाचले, नेमणुकीचं पत्र वाचलं, एकाची प्रेमपत्रंही वाचली आणि ती तिला रुक्ष वाटली यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दोन वर्षांपूर्वी मावसभावाचा मेसेज आला, ‘ताई, मावशी गेली.’ त्याची मावशी, म्हणजे प्रांजळची आई. तोही त्या तयार आवाजातल्याच बाईने वाचून दाखवला, नाशिकची बस अर्धा तास उशिरा सुटेल असं सांगावं तसा. प्रांजळला त्या दिवशी रडू आलं नाही, आणि का आलं नाही याचा राग तिच्या मनात अजून होता.

*

जानेवारीतल्या एका सोमवारी कानडे सरांनी तिच्यासमोर फाइल ठेवली.

“सावतखेड. मलकापूरच्या पलीकडं कुठंतरी आहे. तिथला बालवाडीचा नवा शिक्षक तीनदा आवाजाच्या चाचणीत नापास झाला. त्यानेच अर्ज केला, माझा ळ दुरुस्त करा म्हणून. आपण मागं जाऊन बघितलं तर त्याच्या तुकडीतल्या तेवीसच्या तेवीस जणांचा ळ गेलेला! ळच्या जागी चक्क य. शाळेला शाया, डोळ्याला डोया.”

“तिकडं तसंच बोलतात सर.”

“बोलू देत की. बोलायला कोण नको म्हणतंय? पण हा माणूस उद्या तोच आवाज नव्या पोरांच्या डोक्यात घालणार. तेव्हा आधी याचा पुसा, मग बाकीच्या बावीस जणांचा. फुकट आहे म्हटल्यावर सगळ्यांनी संमतीच्या सह्या करून पाठवल्यात.” त्यांनी पान उलटलं. “सगळ्यांच्या बाई एकच. कौसल्या नेहेते.” मग त्यांनी चष्म्यावरून वर पाहिलं. “तुमच्या कुणी?”

“आई.”

कानडे सर माणूस वाईट नव्हता. त्यांनी फाइल परत ओढून घेतली. “मग दुसऱ्या कुणाला पाठवू. नाहीतरी...”

“मीच जाते सर,” प्रांजळ म्हणाली. “आईच्या चुका मीच निस्तरलेल्या बऱ्या. आणि ळ मला चांगला येतो.”

सर हसले. प्रांजळही हसली, पण ते वाक्य घरी जाईपर्यंत तिला बोचत राहिलं.

ळ तिला चांगला यावा म्हणून आईने काय केलं होतं, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. साडेचार वर्षांची असताना आई तिला जळगावच्या शाळेत घेऊन गेली. सावतखेडला मुक्काम करणारी, तिथल्याच बालवाडीत शिकवणारी, नवरा लवकर गेलेली बाई. पोरगी शहरातल्या चांगल्या शाळेत शिकावी एवढाच हट्ट. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, “मुलाचं नाव?”

“प्रांजय नेहेते,” आई म्हणाली.

कारकुनाने टाइप केलं आणि मान वर करून विचारलं, “बरं, आणि मुलगा कुठंय?”

“मुलगी हाये साहेब. हे काय. प्रांजय.”

“अहो बाई, प्रांजय मुलाचं नाव झालं. मुलीचं सांगा.”

आईने तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा जीभ ळपर्यंत जायची आणि यवर घसरायची. मागे रांग होती, रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. शेवटी आईने खिडकीतलं पेन उचललं आणि कागदाच्या कपट्यावर आपल्या गोल, देखण्या अक्षरात लिहिलं: प्रांजळ.

“मग असं सांगा ना!” कारकून म्हणाला.

वडलांनी मोठ्या हौसेने ठेवलेलं ते नाव. त्यानंतर आईने ते तोंडाने कधी घेतलं नाही. प्रांजळला जळगावला मावशीकडे ठेवलं आणि आई दर रविवारी भेटायला यायची ती जीभ बांधून आल्यासारखी. संध्याकाळला ती दिवाबत्तीची वेळ म्हणायचीसुद्धा नाही, नुसतं ‘दिवाबत्तीला’ म्हणायची. डाळीला वरण, सकाळला ‘उठल्यावर’. सगळ्या जगातल्या आया फोन ठेवताना ‘काळजी घे’ म्हणतात, हिची आई म्हणायची, “जप गं बेटा.” बेटा, पोरी, बाई, सोन्या, सगळं म्हणायची. नाव नाही. पुढं प्रांजळ भाषेच्या अभ्यासात शिरली तेव्हा एकदा ध्यानात आलं की आई आपल्याशी बोलताना ळ असलेला प्रत्येक शब्द वळसा घालून टाळते. तिला वाटलं, आईला आपलं नावच आवडत नसावं. फोनमध्ये आईचे निरोप जपून ठेवलेले होते, शंभराच्या वर. सगळे शुद्ध. सगळे पाहुण्या बाईने बोलावं तसे.

*

सावतखेडला ती पोहोचली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले होते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून डांबरी रस्ता, आणि मारुतीच्या पाराजवळ तीच दोन खोल्यांची बालवाडी. रंग तेवढा बदललेला. लहानपणी सुट्टीत आली तरी आई तिला इकडे फिरकू देत नसे. “तिथं माती उडते,” म्हणायची.

दारात हेमराज भारंबे उभा होता. तिशीचा, अंगाने आडवा, शर्टाच्या खिशात चार रंगांचे खडू. पांढरपेशा पाहुणीला बघून त्याने हात शर्टाला पुसले.

“या ताई, या. बाईंची पोरगी तुमी. नाव पाठ हाये आमाले तुमचं.”

“फाइलवर असेल.”

“हाव, फाइलवर बी असन,” तो म्हणाला आणि उगाच हसला.

आत दहा-बारा पोरं एकमेकांचे सदरे धरून रांगेने उभी होती. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीने बांधलेलं एक पुठ्ठ्याचं अक्षर. हेमराजने शब्द ताणला, “न... ख!” न गळ्यात घातलेली मुलगी पुढे धावली, ख तिच्या मागे चिकटला. बाकीच्यांनी ओरडून विचारलं, “पुढं कोन?” “न!” “मांगं कोन?” “ख!” मागच्याने कमरेला खोचलेलं फडकं सोडलं, ते त्याचं शेपूट, आणि तो जो सुटला तो सगळी पोरं त्याच्या मागे. शेपूट हाती लागलं की तो शब्द फुटला. मग नवा शब्द.

“शेपटीचा खेळ,” हेमराज म्हणाला. “बाईंचा हाये. लेकराले शब्दाचं तोंड लवकर आयकू येते, शेवट येत नाही. कान शेवटाले पोचला का वाचनं आलं समजा, असं म्हनत होत्या बाई.”

प्रांजळ दारात उभी राहून बघत होती. ध्वनी सुटे करणं, जोडणं, शेवटचा ओळखणं, यावर तिने दोनशे पानी प्रबंध लिहिला होता. त्यात शेपूट कुठंच नव्हतं.

भिंतीशी एक पत्र्याचा डबा होता, त्यात अक्षरांचे पुठ्ठे. एकच पुठ्ठा डब्याच्या झाकणाखाली उलटा दडवून ठेवलेला होता. तिने तो उलटला. ळ. सोबत लाल लुगड्याची एक लांबलचक चिंधी गुंडाळलेली.

“थो बंद हाये सध्या,” हेमराज ओशाळून म्हणाला. “केंद्रानं सांगलं, दुरुस्त होईलोग ळ शिकवू नोका. पोट्टे रोज विचारतात, लाल शेपूट कवा काढनार म्हून.”

“तुम्हाला खरंच पुसून हवाय ना? जबरदस्ती नाही.”

हेमराजने पुठ्ठा परत झाकणाखाली ठेवला. मग म्हणाला, “ताई, माहा बाप गेला तवा दवाखान्याचा कागद मले वाचाचा होता. एक अक्षर पुढं सरकत नवतं. पन आत बाई वाचत होत्या ना. हयूहयू, जसं धडा वाचत होत्या तसं. म्हनून वाचता आला थो कागद. बाईंचा आवाज मी जाऊ देनार नाही.”

“फक्त ळ जाईल. बाकीची सगळी अक्षरं तशीच राहतील.”

“मंग पुसा. परीक्षेत पास झालो नाही तर या महिन्याअखेर इथं तयार आवाजाचं खोकं येईन. मंग ना खेय, ना शेपूट. त्याच्यापरीस एक ळ गेलेला बरा.”

त्याचं बरोबर होतं. प्रांजळने पिशवीतून यंत्र काढलं.

*

पुसण्याआधी अक्षराचा ठसा घ्यावा लागे. माणसाने पट्टी बांधून मनात वाचायचं. ऐकण्याचं काम करणारा मेंदूचा भाग त्या वेळी जसा उजळतो, त्यावरून यंत्र आतला आवाज बाहेर काढून दाखवायचं. अगदी मूळचा नव्हे, भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा, पण ओळखू येण्याइतका. आणि नियम असा की हा ठसा त्या माणसाला स्वतःला एकदा ऐकवल्याशिवाय पुसायचा नाही. काय जाणार हे त्याला कळलं पाहिजे. पुसल्यावर ठसाही नष्ट करायचा.

बाजूच्या खोलीत हेमराज पाटावर बसला. तिने एकेक अक्षराचा कागद त्याच्यासमोर धरला. क. डबीएवढ्या स्पीकरमधून आवाज आला, “क.” बाईचा आवाज. खालच्या पट्टीतला, किंचित घोगरा. प्रांजळचा हात थबकला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता आणि नव्हताही. फोनमधल्या निरोपांतून सगळी इस्त्री काढून टाकली तर उरेल तसा.

तिने भराभर पुढची अक्षरं दाखवली. साधारणपणे एका अक्षराला एकच आवाज निघतो. ण आला तो सरळ न होऊन आला, पण त्याकडे केंद्राने कधीचाच काणाडोळा केला होता. नाहीतर अर्धा महाराष्ट्र पाटावर बसवावा लागला असता. मग तिने ळचा कागद धरला.

स्पीकरमधून आधी नुसता गलका आला. पुष्कळ पोरांची पळापळ, खिदळणं. खेळाच्या ऐन भरात बसलेलं अक्षर कधी कधी भोवतालचा प्रसंगच उचलून आणतं, हे तिने पुस्तकात वाचलेलं होतं. मग दम लागलेल्या बाईचा हसरा आवाज आला.

“थांबा रे पोट्ट्यांनो, शेपटी तुटीन माही! पुढं कधी येत नाही, मांगंच राह्यते, पन शेपटी कोनाची मोठी?”

“चष्म्याच्या यची!” पोरं ओरडली.

“क कमयाचा, ग गाईचा. मंग चष्म्याचा य कोनाचा?”

“प्रांजयचा!”

“हयू नोका म्हनू. माही पोरगी जयगावले हाये. तिले आयकू गेलं पायजे. मारा हाक!”

आणि पोरांच्या आधी बाईनेच हाक मारली, लांब, गळा मोकळा सोडून, पार केळीच्या बागांवरून जावी अशी. “प्रां... जय!”

स्पीकर थांबला. प्रांजळने ळचा कागद अजून तसाच धरलेला होता.

हेमराजने कागदावरून नजर काढली. “नाव पाठ हाये म्हनलं ना मी,” तो हळूच म्हणाला. “ळनं सुरू होनारा शब्दच नाही. दर अक्षराले धनी हाये, यालेच नाही. बाई म्हनाल्या, हा माह्या पोरीचा. तिच्या नावाच्या शेवटाले हाये. आमी रोज हाक मारत होतो तुमाले. दिसायले चष्म्यावानी म्हनून चष्म्याचा य. लिवताना कोनी चुकलं नाही, ताई. कागद पाहा आमचे. बोलतानाच काय थे.”

प्रांजळला आता रडू आलं. दोन वर्षं थांबलेलं रडू असं चारचौघांत यावं हे तिला पटलं नाही, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. बाजूच्या खोलीतली दोन पोरं दारातून डोकावली आणि हेमराजने त्यांना हाताने पिटाळलं.

आईला तिचं नाव नावडतं नव्हतं. आई तिच्यासमोर तेवढी ते घेत नव्हती. तिच्या पाठीमागे, तेवीस पोरांना सोबतीला घेऊन, रोज जळगावच्या दिशेने तोंड करून ओरडत होती. आणि ज्या कानांसाठी ती हाक होती ते कान तिने स्वतःच विकतच्या शुद्ध आवाजाने बुजवून टाकले होते, पोरीला कुणी हसू नये म्हणून.

आणि आता ती हाक पुसायला कोण आलं होतं, तर प्रांजळ. पिशवीत तेवीस सह्या घेऊन.

डोळे पुसून तिने विचारलं, “हेमराजभाऊ, ती लाल शेपटी आत्ता काढता येईल?”

“पन ळ बंद हाये ना?”

“मी उघडला,” ती म्हणाली. “ळ मी होते.”

*

तेहतिसाव्या वर्षी, सरकारी ओळखपत्र गळ्यातून काढून त्या जागी पुठ्ठ्याचा ळ घालून, कमरेला लाल लुगड्याची चिंधी खोचून प्रांजळ नेहेते सावतखेडच्या बालवाडीत रांगेच्या शेवटी उभी राहिली. ‘फळ’ झालं, ‘जवळ’ झालं, ‘आभाळ’ झालं. पुढे जायचं नाही, शेवटालाच राहायचं, आणि हाक आली की पळायचं. पोरांनी तिला पाराभोवती तीन फेऱ्या पळवलं. हेमराज कमरेवर हात ठेवून विचारत होता, “चष्म्याचा य कोनाचा?” आणि ती दम लागून, पोट धरून हसत होती. इतकी ती कधी हसली होती हे तिला आठवेना.

मग खिचडी झाली. सतरंज्या अंथरल्या. पोरं एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली. त्यांच्या शेजारी दोन मोठी माणसं आडवी झाली. हेमराजच्या पट्टीत तिने शुद्ध ळ भरला. जागा आधीच तयार असली की एका अक्षराला, परक्या आवाजातल्यासुद्धा, दुपारची एक झोप पुरते. आपल्या पट्टीत तिने त्याचा ठसा भरला. नष्ट करायचा होता तोच.

“तुमच्या नोकरीले काही होनार नाही ना?” पलीकडून हेमराजने विचारलं.

“ज्याचा ळ चुकतो त्याला दुसऱ्याचा ळ पुसता येत नाही, असा नियम आहे.”

“मंग बाकीच्या बावीस जनांचं?”

“मला नाही येणार पुसता,” ती म्हणाली, आणि खिचडीने जड झालेल्या डोळ्यांनी तिने कूस बदलली.

चार वाजता हेमराजने उठल्या उठल्या ळचा कागद मागितला. बराच वेळ त्याकडे बघत बसला. “परकी बाई बोलून राह्यली,” तो म्हणाला. मग क काढला, म काढला, आणि त्याचा चेहरा जरा निवळला. “ह्यायच्यात हायेत बाई.” दारापर्यंत सोडायला येताना त्याने सांगितलं, “खेय बदलनार नाही ताई. ळचा धनी थोच राहीन. फक्त आता पोट्टे तुमचं नाव...” आणि मग पहिल्यांदाच, दगडावर पाय ठेवावा तसं जपून, तो म्हणाला, “प्रांजळ. असं घेतील.”

*

तपासनिसांची स्वतःचीही दर तीन महिन्यांनी तपासणी होई. प्रांजळची तारीख पुढच्या गुरुवारची होती. टाळता आली असती. रजा शिल्लक होती. ती वेळेवर जाऊन बसली, पट्टी बांधली आणि कानडे सरांनी धरलेले कागद एकामागून एक मनात वाचले. अ ते ह सगळं हिरवं. ळला पडदा लाल झाला.

कानडे सरांनी यंत्रावर टिचकी मारून पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. या माणसाच्या हाताखाली तिने नऊ वर्षं काढली होती, त्यामुळे त्यांना फारसं विचारावं लागलं नाही.

“सावतखेडला काय केलंत तुम्ही?”

“दुपारी झोपले होते, सर.”

“अहो, आज तुमची जागा जाईल! हेमराज भारंबे पास झालाय, त्याचं कौतुक करायला मी बोलावणार होतो तुम्हाला. आणि ती बावीस नावं? तिकडच्या भागाला तुमच्याशिवाय माणूस नाही माझ्याकडं. फाइल परत जाईल.”

“जाऊ दे सर.”

त्यांनी खणातून संमतीचा छापील कागद काढला आणि तिच्यासमोर सरकवला. आवाज खाली आणून म्हणाले, “अजून नोंद केलेली नाही मी. सही करा. आज दुपारी इथंच अर्धा तास पडा, शुद्ध ळ बसवू, कुणाला काही कळायचं नाही. एका अक्षरासाठी पाटी काढू नका टेबलावरची.”

पाटीचं नाव निघालं आणि प्रांजळला हसू आलं. आठवडाभर रोज सकाळी ती टेबलाशी येऊन ती पाटी वाचत होती, मुद्दाम, हळूहळू, चहा थंड होईपर्यंत. पहिली अक्षरं तयार आवाजातली ती जुनीच इस्त्रीदार बाई वाचायची. शेवटच्या अक्षराला मात्र आवाज बदलायचा.

तिने पेन हातात घेतलं, टोपण लावलं आणि कागदावर आडवं ठेवून दिलं.

“आधी ठसा ऐकवा सर. ऐकवल्याशिवाय पुसायचा नाही, नियम आहे.”

कानडे सरांनी सुस्कारा टाकून बटण दाबलं. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या गार, शांत खोलीत पोरांचा गलका भरला. बाहेरच्या टेबलांवरची माणसं माना वळवून बघायला लागली. पळणारी पावलं, खिदळणं, दम लागलेली बाई, ‘तिले आयकू गेलं पायजे’, आणि मग ती लांब, मोकळ्या गळ्याची हाक सगळ्या कचेरीभर गेली.

“प्रां... जय!”

प्रांजळ खुर्चीतून उठून उभी राहिली. साडेचार वर्षांच्या पोरीने द्यावी तशी, घसा फुटेपर्यंत मोठ्याने तिने ओ दिली.

“ओ, आई!”